हॉटेल कसं निवडता? तुम्ही विचारलंत म्हणून

ऑफिसात, भिशीत, आणि आता तर भाचीच्या मैत्रिणीसुद्धा मेसेज टाकून विचारतात, की तुम्ही दोघं दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला कुठल्या तरी शहरात जाऊन मस्त जुन्या घराबिराच्या हॉटेलात राहता, ते शोधता कसं, लिंक टाक ना. लिंक टाकते मी. पण लिंकने अर्धंच काम होतं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी आमचा पहिला वाढदिवस ऐका. तेव्हा आम्ही 'कपल पॅकेज' घेतलं होतं, गाव आणि हॉटेल दोन्ही सांगत नाही. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम, त्यात टॉवेलचे दोन हंस, बाजूला केक. रात्रीपर्यंत केकच्या वासाने मुंग्या आल्या त्या पाकळ्यांमधून थेट उशीवर, आणि नवरा चादर झटकायला खिडकीशी गेला तर खिडकी उघडेचना, पडद्यामागे काच आणि काचेमागे शेजारच्या इमारतीचा डक्ट. पण खरी गोची वेगळीच होती. खोलीत खुर्ची एकच. म्हणजे एकाने खुर्चीत बसायचं आणि दुसऱ्याने पलंगावर लोळायचं, मग अदलाबदली. दुसऱ्या संध्याकाळी आम्ही रिमोटवरून असे भांडलो की रिसेप्शनवरून फोन आला. रिमोटचं निमित्त झालं हो, दोन माणसांना शेजारी बसायला जागाच नव्हती.

तेव्हापासून मी हॉटेलचे फोटो बघताना पलंग बघतच नाही. पलंग सगळीकडे असतो. मी बघते दोघांना बसायला काय आहे. बाल्कनी, पडवी, चौक, पायरी, झोपाळा, काहीही चालेल, पण खोलीच्या आत-बाहेरची मधली जागा पाहिजे, जिथं चहा घेऊन तासभर काही न बोलता बसता येईल आणि समोर रस्ता किंवा झाड किंवा माणसं दिसतील. दिवसभर एकमेकांच्या तोंडाकडे कोण बघत बसणार, एकोणीस वर्षं झाली लग्नाला.

म्हणून आम्ही पणजीला जातो. हो, गोव्याला जाऊन पणजीत राहतो, बीचवर नाही, यावर सासूबाईंपासून सगळ्यांनी तोंडं वाकडी केली आहेत. पण फोंतेन्हासमध्ये, म्हणजे आल्तिन्होची टेकडी आणि ओरेमची खाडी यांच्या मधल्या त्या चिंचोळ्या गल्ल्यांत, एकदा राहून बघा. पुण्याहून रात्रीची स्लीपर घ्यायची, सकाळी कदंब स्टँडला उतरायचं, खाडीवरचा पूल ओलांडला की चालत दहा-पंधरा मिनिटांत आपण त्या निळ्या-पिवळ्या-गेरू रंगाच्या घरांमध्ये. पोर्तुगीजांच्या काळात दर पावसाळ्यानंतर घर रंगवायलाच लागायचं आणि पांढरा रंग मात्र चर्चसाठी राखलेला, म्हणून ही घरं अशी रंगीत. तिथल्या मुख्य रस्त्याचं नाव ३१ जानेवारी रोड. मी आधी समजायचे गोवामुक्तीशी संबंधित काहीतरी असेल, तर नाही, १८९१ साली ३१ जानेवारीला तिकडे पोर्तुगालमध्ये पोर्तो शहरात राजेशाहीविरुद्ध उठाव झाला होता त्याची ती आठवण.

तिथं काही जुनी घरं हॉटेलं झाली आहेत. पणजी इन तर बऱ्याच जणांना माहीत असतं, त्यांचंच एक दुसरं घर आहे ते मुळात जुनं हिंदू घर, मधोमध चौक असलेलं. अशी आणखीही आहेत, लहान-मोठी. आम्ही जिथं उतरतो त्याचं नाव नाही सांगत, कारण तिथं दोनच खोल्यांना बाल्कनी आहे आणि मला त्यातली एक हवी असते.

पहाटे त्या खोलीत जाग येते ती सायकलवरच्या पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, पों-पोंने. खिडकीला काच नाही, शिंपल्या आहेत. काच महाग होती तेव्हा इकडे शिंपल्यांचे पातळ, तळहाताएवढे तुकडे लाकडी चौकटीत ओळीने बसवायचे. उजेड येतो पण ऊन येत नाही, पाण्यात दोन थेंब दूध टाकल्यासारखा काहीतरी रंग होतो खोलीचा. पलंग एवढा उंच की चढायला लाकडी पायरी ठेवलेली, मला लागते, नवरा लागत नाही असं म्हणतो आणि दरवेळी नडगी आपटून घेतो. फळ्यांची जमीन करकरते, वरच्या मजल्यावरचा माणूस रात्री किती वेळा उठतो ते आपल्याला कळतं. मग मी बाल्कनीत जाते, खाली पोदेर टोपलीवरचं निळं प्लास्टिक बाजूला करतो, आणि समोरच्या म्हाताऱ्या बाई गाऊनवर टॉवेल टाकून पोई, म्हणजे गोव्याचा पाव, घ्यायला येतात. वर मान करून त्या एकदा म्हणाल्या, परत आलात? बस, त्या एका वाक्यात माझे पैसे वसूल.

आता कामाचं. वेबसाइटवरचा फोटो हा त्या हॉटेलच्या सगळ्यात चांगल्या खोलीचा असतो हे धरूनच चाला. नवीन हॉटेलात दोनशे चार आणि तीनशे चार सारख्याच असतात, पण जुन्या घरात एक खोली मालकांची होती, एक पाहुण्यांची, एक धान्याची, आणि आज तिन्हींना 'हेरिटेज रूम' म्हणतात. म्हणून ॲपवर बघा, पण फोन करा. फोटोतली हीच खोली मिळेल का, नंबर काय, रस्त्याकडे की मागे, बाल्कनी आपली स्वतःची की सगळ्यांची सामायिक, हे विचारा आणि खोलीचा नंबर मेसेजवर लिहून घ्या. फोनवरचा माणूस न वैतागता सांगत असेल तर समजा हॉटेल चांगलं आहे. मी तर फोनवर विचारते की संध्याकाळी पाच वाजता त्या बाल्कनीत ऊन येतं का. एकदा समोरून उत्तर आलं, थांबा मॅडम बघून येतो, आणि खरंच पायऱ्या चढल्याचा आवाज आला. तिथंच बुक केलं.

बाथरूमचंही विचारा. या घरांत न्हाणीघर मागच्या अंगाला असायचं, खोलीतलं बाथरूम नंतर कोपरा कापून केलेलं असतं, त्यामुळे कधी कधी भिंत छतापर्यंत नसते. नव्या लग्नात हे आधी कळलेलं बरं. लिफ्ट नसते. पावसाळ्यात गाद्यांना दमट वास येतो. आणि नोव्हेंबरच्या शेवटी पणजीत इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, २००४ पासून, त्यानंतर लगेच ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त, म्हणजे चर्चचा सण, आमचा वाढदिवस नेमका मध्ये, सबब ऑगस्टमध्येच बुकिंग.

भाचीच्या मैत्रिणींसाठी वेगळं सांगते. लग्न न झालेल्या दोन सज्ञान माणसांनी एका खोलीत राहू नये असा कायदा नाही, पण हॉटेलवाले आपापले नियम लावतात, काही जण त्याच गावचं आयडी बघून नाही म्हणतात. दारात बॅगा घेऊन उभं राहून अपमान करून घेण्यापेक्षा फोनवर स्पष्ट विचारा.

दरवर्षी पणजीच असते असं नाही. एकदा अहमदाबादला गेलो तर लोक हसले, दारूबंदीच्या गावात कसला रोमान्स म्हणून. सिदी सय्यद मशिदीच्या जाळीसमोर हाउस ऑफ एमजी म्हणून १९२४ चं एका गिरणीमालकाचं घर आहे, तिथं राहिलो, गच्चीवर गुजराती थाळी जेवलो आणि झोपाळ्यावर बसून नवऱ्याने चक्क माझ्या कॉलेजातल्या गोष्टी विचारल्या, ज्या त्याला एवढ्या वर्षांत ऐकायच्या नव्हत्या. झोपाळा असला की माणूस बोलतो, का ते माहीत नाही.

पण फोंतेन्हासचा आता एक त्रास आहे, फोटोवाले. लोकांच्या दारात, पायरीवर चढून शूट चालतं, राहणाऱ्यांनी वैतागून फोटो काढू नका अशा पाट्या लावल्यात आणि त्यांचं बरोबरच आहे. गेल्या वर्षी सकाळी साडेसातला आम्ही बाल्कनीत चहा घेत होतो, नवरा बनियनवर, हातात पोई, मी केसांना तेल लावलेलं. खाली एक प्री-वेडिंगची पार्टी आली, मुलगी लांब लाल गाऊनमध्ये, तो गाऊन धरायला एक मुलगा, वर एक ड्रोन. फोटोग्राफरने खालून हाक मारली, काका-काकू, पाच मिनिटं आत जाल का, फ्रेममध्ये येताय.

नवऱ्याने शांतपणे पोई चहात बुडवली आणि म्हणाला, "आमचंही तेच चाललंय रे."

आम्ही काही हललो नाही. त्यांच्या अल्बममध्ये कुठंतरी वरच्या कोपऱ्यात तो बनियन असणार.