तुम्ही विचारलंत म्हणून: फुटून गेलेल्या डोंगराचं काय मोजता?

फैजपूरला घरी आलो की ओट्यावर कुणीतरी विचारतंच, "भाऊ, ज्वालामुखी फुटला, लाव्हा वाहून गेला. आता तू मोजतो काय?"

पुण्यात बसून मी उपग्रहाची रडार-चित्रं वाचतो. डोंगर किती बसला, किती फुगला, ते काढायचं. खालचा शिलारस निघून गेला की वरची जमीन खचते. हवाईतल्या किलाउएया ज्वालामुखीच्या माथ्यावरचं विवर २०१८ साली सुमारे ५०० मीटर खोल खचलं. पण पोटात रस पुन्हा भरू लागला आणि माथा हळूहळू वर यायला लागला. डिसेंबर २०२०मध्ये त्याच खड्ड्यात लाव्हा उसळला. म्हणून फुटून गेल्यावरच मोजायचं.

आमच्या गवंडीकाकांना हे लगेच कळलं. पाण्याची नळी दोन टोकांना धरून ते पायाची लेव्हल काढतात; हवाईच्या वेधशाळेतही पूर्वी पाण्याच्या नळ्यांनीच डोंगराचा कल मोजत. आताच्या यंत्राला किलोमीटरभर लांब दांडीचं एक टोक मिलिमीटरभर उचललेलंही कळतं. काका म्हणाले, "मंग तुह्या घरचा ओटा कसा काय वाकडा?"

सेंटिनेल-१ उपग्रह १२ दिवसांनी त्याच जागेवर परततो. दोन चित्रं ताडली की रंगांची कडी उमटतात. एक कडं म्हणजे जमीन उपग्रहाकडे किंवा त्याच्यापासून लांब २.८ सेंटीमीटर सरकली. नवखा असताना एका डोंगराभोवती अशी दोन सुरेख कडी दिसली. डोंगर फुगला म्हणत मी साहेबांकडे पळालो. निघाली ती दमट हवा! दुसऱ्या चित्राच्या दिवशी पायथ्याशी ओल जास्त होती, तिथली रडारची लहर उशिरा परतली, त्यामुळे पायथा खाली गेल्यासारखा आणि माथा वर आल्यासारखा दिसला. तेव्हापासून चित्रांच्या एका जोडीवर माझा भरवसा नाही. जीपीएसचा आकडा जुळल्याशिवाय तोंड उघडत नाही.

"सातपुडा फुटेल का?" हेही विचारतात. नाही. इथला काळा दगड लाव्हाच आहे, पण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा.

"मग आपली केळी तरी मोज." तिथे मात्र सेंटिनेल हात टेकतो. १२ दिवसांत पानं फुटतात, वाऱ्यानं फाटतात. दोन चित्रांना एकमेकांची ओळखच पटत नाही. त्यापेक्षा ओकाबोका लाव्हा बरा. ३० जुलै २०२५ला श्रीहरिकोट्याहून भारत-अमेरिकेचा निसार उपग्रह सुटला, त्याच्या एका रडारची लहर लांब आहे, पानांत बरीच आत शिरते. बोअरचं पाणी उपसून आमच्या शिवारातली जमीनही बसतेय का, ते त्याच्या चित्रांत बघायचंय.