बन्सी गव्हाचा दाणा आतून कसा असतो

निफाड तालुक्यातील आमच्या दोन एकरांत मी बन्सी, म्हणजे कडक दाण्याचा ड्युरम गहू घेतो. तो बहुतांशी रवा आणि शेवयांसाठी जातो, त्यामुळे पोती किती भरली याइतकेच दाणा कसा आहे यालाही मोल असते. पहिल्या वर्षी व्यापाऱ्याने मूठभर दाणे तळहातावर घेतले, त्यांतले चार-पाच ब्लेडने आडवे कापले आणि काही न बोलता माझ्यापुढे धरले. चांगला बन्सी दाणा आतून मधाच्या रंगाचा आणि काचेसारखा असतो. माझ्या दाण्यांचा अर्धा भाग तसा होता आणि उरलेला तांदळाच्या पिठासारखा पांढरा. भाव अर्थातच पडला. घरी आईने त्याच गव्हाच्या शेवया वळायला घेतल्या आणि म्हणाली, "अरे, हे पीठ ताणच धरत नाही."

त्यानंतर मी कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात जाऊन विचारले, तेव्हा दोन वेगळे दोष समजले. सोयाबीन उशिरा निघाल्यामुळे माझी पेरणी १८ डिसेंबरला झाली होती. दाणा भरण्याचा काळ मार्चच्या उन्हात सापडला, भरण्याचे दिवस कमी झाले आणि दाणे हलके व सुरकुतलेले राहिले. पांढरे पोट, म्हणजे दाण्यातला तो पांढरा भाग, मात्र नत्राच्या (नायट्रोजनच्या) कमतरतेचे होते. नत्र देणारा सगळा युरिया मी पेरणीबरोबरच टाकला होता. त्यातला बराच पहिल्या पाण्यांत वाया गेला आणि दाणा भरताना पिकाला नत्र उरले नाही. दाण्यात प्रथिने कमी पडली की स्टार्चच्या कणांमधल्या जागा नीट भरत नाहीत आणि तो भाग पांढरा, पिठूळ दिसतो. खत कमी नव्हते, त्याची वेळ चुकली होती, हे मला फार लागले.

पुढच्या वर्षी सोयाबीनचे लवकर येणारे वाण घेतले आणि ९ नोव्हेंबरला गव्हाची पेरणी केली. दोन ओळींत २२.५ सेंटिमीटर अंतर ठेवले आणि बी पाच सेंटिमीटरपेक्षा फार खोल जाऊ दिले नाही. शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि ४० किलो पालाश (पोटॅश) अशी आहे. स्फुरद, पालाश आणि अर्धे नत्र पेरणीच्या वेळी दिले. उरलेल्या नत्रासाठी एकरी सुमारे ५२ किलो युरिया एकविसाव्या दिवशी, खुरपणी उरकून, पाण्याबरोबर दिला. शेजारच्या शेतातला गहू चाळिसाव्या दिवशी माझ्यापेक्षा हिरवागार दिसत होता आणि आणखी एक गोणी टाकण्याचा मोह अनेकदा झाला; पण जास्त नत्राने पीक लोळते आणि लोळलेल्या पिकाचा दाणा भरत नाही, म्हणून हात आवरला. ५५ आणि ७० दिवसांनी १९:१९:१९ या, नत्र, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी १९ टक्के असलेल्या विद्राव्य खताची दोन टक्के फवारणी केली, म्हणजे १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम. माझ्या मते ही फवारणी पूरकच आहे. मुळाशी वेळेवर दिलेल्या नत्राची जागा ती घेऊ शकत नाही.

मळणी झाली त्या संध्याकाळी ओट्यावर बसून मी १०० दाणे मोजून कापले. पांढरे पोट असलेले नऊ निघाले. आईने दुसऱ्या दिवशी शेवया केल्या आणि खाटेवर वाळत घातल्या. हातभर लांब, एकही न तुटलेली.