यहूदाची गोष्ट, अर्थासकट

शनिवार, रात्री

हावदाला (शब्बाथ संपल्याची प्रार्थना) आटोपली आणि लिहायला बसले. आज वायेशेवचा पाराशा, म्हणजे आमच्या धर्मग्रंथातला, तोरातला, या आठवड्याचा वाचनाचा भाग होता आणि दरवर्षीप्रमाणे मी योसेफाचा भाऊ यहूदा याच्यापाशीच अडले.

१७ वर्षांच्या योसेफाला भावांनी खड्ड्यात टाकलं आणि स्वतः जेवायला बसले. मारून काय मिळणार, त्यापेक्षा विकून टाकू, ही कल्पना यहूदाची. चांदीच्या २० तुकड्यांना सख्ख्या बापाचा मुलगा विकला. मग त्याचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून म्हाताऱ्याकडे पाठवला: ओळखा बरं, हा तुमच्या मुलाचाच ना?

लगेच पुढच्या अध्यायात तामार, यहूदाची सून. दोन नवरे वारले. धाकटा दीर मोठा झाला की त्याच्याशी लग्न लावतो, असं सांगून सासऱ्याने तिला माहेरी बसवून ठेवलं आणि शब्द पाळला नाही. ती तोंड झाकून वाटेवर बसली. वेश्या समजून तो तिच्याकडे गेला, आणि मोबदल्याचं करडू पाठवीपर्यंत गहाण म्हणून आपली मुद्रा, मुद्रेचा गोफ आणि हातातली काठी देऊन आला. तीन महिन्यांनी सून गरोदर आहे असं कळल्यावर हाच माणूस म्हणतो, बाहेर काढा तिला, जाळा. तिने त्या तीन वस्तू पाठवल्या. नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाली, ओळखा बरं, ह्या कोणाच्या?

चारचौघांत कोणाला मान खाली घालायला लावण्यापेक्षा जळत्या भट्टीत उडी घ्यावी, हे आमच्या जुन्या गुरूंनी तामारकडून घेतलं. तिने यहूदाला गप्प बसायची वाट मोकळी ठेवली होती. तो गप्प राहिला असता तर ती जळाली असती आणि कोणाला पत्ता लागला नसता. तो म्हणाला, “माझ्यापेक्षा तीच खरी.” आम्ही यहुदी म्हणवतो ते या माणसाच्या नावावरून, आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

दुपारी भाचीने विचारलं, “मावशी, असलं सगळं पोराबाळांसमोर मोठ्याने कशाला वाचायचं?” प्रश्न फार जुना आहे. मिश्नाच्या (जुन्या गुरूंच्या नियमांच्या संग्रहाच्या) काळी हिब्रू वाचनाबरोबर लोकांना कळावं म्हणून अरामी भाषेत अर्थ सांगत. यहूदाचा थोरला भाऊ रऊबेन बापाची उपपत्नी बिल्हा हिच्यापाशी निजला, तो भाग नुसता वाचायचा, अर्थ सांगायचा नाही. तामारची गोष्ट मात्र अर्थासकट सांगायची. यहूदाची अब्रू जाईल ना? तालमूद, म्हणजे मिश्नावरची गुरूंची चर्चा, म्हणतो, नाही, उलट हे त्याला भूषण आहे, कारण त्याने कबूल केलं. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बेने इस्रायलांनी (मराठी बोलणाऱ्या यहुद्यांनी) तोरातल्या गोष्टी मराठी कीर्तनांतून सांगितल्या, त्यामागेही लोकांना अर्थ कळावा हीच तळमळ होती.

दोन आठवड्यांनी वायिगश हा पाराशा येईल. विक्रीला २२ वर्षं झालेली. पुन्हा योसेफाची आई राहेल हिचाच मुलगा, बापाचा लाडका बन्यामीन, मिसरमध्ये (इजिप्तमध्ये) अडकलेला. त्याला तिथेच सोडून घरी जाणं अगदी सोपं होतं. यहूदा पुढे होतो: मला गुलाम करून ठेवा, पोराला जाऊ द्या, तो बरोबर नसताना बापापुढे जाऊ कसा? बाराव्या शतकात रंबम या यहुदी पंडिताने पश्चात्तापाची कसोटी हीच सांगितली: तीच संधी, तेच बळ, आणि माणूस ते पाप करत नाही. पहिला अपराध वगळला असता तर हा माणूस किती लांबून चालत आला, हे आम्हाला कधी दिसलंच नसतं.

भाचीला हे पटलं, पण तिने लगेच योसेफाबद्दल विचारलं. यहूदा सुधारला, खड्ड्यातल्या पोराचं काय? बरोबर विचारलं. आजच्या पाराशात खड्ड्यापाशी त्याचा आवाजच नाही. तो ओरडला, रडला, काही लिहिलेलं नाही. तो आवाज पुढच्या शनिवारी ऐकू येईल, मिकेत्स या पाराशात. मिसरात कैदेतून सुटून संकटात सापडलेले भाऊ आपसांत म्हणतात, तो आपल्याला काकुळतीने विनवत होता, त्याच्या जिवाची तडफड आपण पाहिली आणि ऐकलं नाही. योसेफाचं रडणं आमच्यापर्यंत पोचलं ते विकणाऱ्यांनी कबूल केलं म्हणून. पुढच्या शनिवारी ती ओळ येईल तेव्हा भाचीला शेजारी बसवून तिचा अर्थ सांगणार आहे.