पहिली खोली रोजंदारीवर

आमच्या गच्चीवरून दीपनगरच्या औष्णिक केंद्राची धुराडी दिसतात. लहानपणी वारा फिरला की दोरीवरच्या कपड्यांवर राख बसायची. ही राख बांधकामात वापरा, असं केंद्र सरकार १९९९ पासून अधिसूचना काढून सांगतंय. भुसावळात राहून आमची ठेकेदारी मात्र लाल विटेवरच चालली होती. मागच्या वर्षी ओळखीच्या एका गुरुजींच्या दुमजली घराचं काम आलं, तेव्हा मी अप्पांना म्हटलं, या वेळी विटेऐवजी राखेचे एएसी ब्लॉक, म्हणजे हलके, सच्छिद्र मोठे ठोकळे, आणि हजेरी मोबाइलवर. अप्पा म्हणाले, "कर. पण शनिवारी पगार अडकला तर माझ्याकडे येऊ नको."

पहिल्याच शनिवारी पगार अडकला. मुकादमाने आठवडाभर इमानदारीने ॲपवर हजेरी भरली होती. ॲपने दिवस गुणिले रोज करून आकडे दाखवले आणि मुकादमाने खिशातून डायरी काढली. एकाने मंगळवारी औषधाला पाचशे नेलेले, एकाची गावी जातानाची उचल अजून फिटत होती. ॲपमध्ये उचलीला रकानाच नाही! रात्री साडेआठपर्यंत माणसं वाळूच्या ढिगावर बसून राहिली. ज्याने ते ॲप बनवलं, त्याला पगार एक तारखेला बँकेत मिळत असणार. दुसऱ्या आठवड्यापासून मुकादम डायरीच लिहितो, रोज संध्याकाळी पानाचा फोटो पाठवतो आणि मी एक्सेलमध्ये चढवते. त्यात उचलीचा रकाना पहिला.

बांधकामाच्या ऑनलाइन परवानगीचं फार सांगत नाही. नकाशातल्या जिन्याची बाह्यरेषा एका कोपऱ्यात उघडी राहिली, सॉफ्टवेअरला क्षेत्रफळ काढता येईना, म्हणून नकाशा दोनदा परत आला. तिसऱ्यांदा मंजूर झाला, आणि मग छापील प्रती घेऊन या म्हणून निरोप आला.

खरी गंमत ब्लॉकची. भट्टीवाला अप्पांच्या शब्दावर ट्रॅक्टरभर विटा टाकून जातो आणि पैसे स्लॅब झाल्यावर घेतो. ब्लॉकवाल्याला अख्खी गाडी आणि आगाऊ पैसे हवेत. ते गुरुजींकडून काढले. गुरुजींनी एक ब्लॉक हातात घेतला, बोटाने वाजवला आणि विचारलं, "ताई, यात खिळा टिकेल का?" साधा खिळा टिकत नाही, प्लग लागतो, हे मी सांगितलं. गीझरसाठी लांब फास्टनर लागेल तेही सांगितलं. त्यांचा चेहरा काही उजळला नाही.

मिस्त्री आमच्याकडे वीस वर्षं आहेत. सकाळी येऊन पाहते तर त्यांनी विटा भिजवतात तसे ब्लॉक टाकीत बुडवलेले. ब्लॉक पाणी पितो, मग वाळताना आकसतो आणि भिंतीला तडे जातात. ओल्या ब्रशने नुसती धूळ झटकायची असते. मी ओरडले, तेही चिडले. दुपारी चहावर बसल्यावर खरं कारण निघालं. विटेच्या बांधकामात दोन थरांमध्ये अर्धा इंच सिमेंट-वाळूचा माल असतो, ओळंब्यातली चूक त्यात जिरते. ब्लॉकचा जोड असतो जेमतेम तीन मिलिमीटर, तोही दातेरी थापीने ओढायचा. पहिला थर पाणसळीत नसेल तर वरचे सगळे थर बोंब मारतात. म्हणजे पहिले चार दिवस निम्मंसुद्धा काम निघणार नाही, आणि मिस्त्रींचा दर फुटावर. घर थंड राहणार गुरुजींचं, नाव होणार माझं आणि आठवड्याची कमाई जाणार त्यांची. एका ब्लॉकात दहाएक विटा बसतात, पुढे काम पळेल, हे मी दोनदा सांगितलं. "पळेल तेव्हा पळेल ताई, किराणा आज आणायचाय."

शेवटी पहिली खोली रोजंदारीवर दिली. पैसे आमच्या नफ्यातून गेले. अप्पा दोन दिवस बोलले नाहीत. खोलीला सहा दिवस लागले, दुसरीला तीन.

तडा तरी गेलाच. प्लॅस्टरनंतर महिनाभरात हॉलमध्ये कॉलम आणि ब्लॉकच्या सांध्यावर केसासारखी उभी रेघ. तिथे जाळी मारायची राहून गेली होती, चूक माझी. सहा इंचाची पट्टी खरवडून, जाळी ठोकून पुन्हा प्लॅस्टर केलं. गुरुजी खुर्ची टाकून पाहत होते, एक शब्द बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

गेल्या आठवड्यात दुसरं काम ठरलं. दराचं बोलायला मिस्त्री घरी आले. दातेरी थापी त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतली होती, पिशवीतून काढून अप्पांना दाखवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, दोन नवीन पोरं शिकायला आणतोय. पहिली खोली रोजंदारीवरच ना?"

अप्पांनी पेपर तोंडासमोर धरला. मी हो म्हटलं.