मुकुट देणारे हात

शनिवार, रात्री उशिरा

आज एका जुन्या माहितीपटात ड्रॅग क्वीन क्रिस्टल लबेजाला पुन्हा एकदा पाहिलं. १९६७ सालची न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमधली ड्रॅग, म्हणजे बायकांच्या वेशात सजणाऱ्या पुरुषांची, सौंदर्यस्पर्धा. परीक्षकांत चित्रकार अँडी वॉरहॉलसारखी बडी मंडळी. मुकुट जातो फिलाडेल्फियाच्या हार्लोला, ती गोरी, नाजूक, सोनेरी केसांची. क्रिस्टल काळी, आणि तिचा नंबर चौथा. हरलेल्यांनी हसून टाळ्या वाजवायच्या असतात, पण ही सरळ मंचावरून निघून जाते आणि नंतर कॅमेरा चालू असताना आयोजक सब्रीनाला सगळ्यांसमोर जाब विचारते. निकाल आधीच ठरला होता, असा तिचा आरोप. तो खरा की खोटा हे मी ठरवू शकत नाही. पण त्या काळात अशा स्पर्धांमध्ये काळ्या स्पर्धकांनी पावडर थापून चेहरा उजळ करावा, अशी सरळ अपेक्षा असायची. हे कळल्यावर तिचा राग मला आरपार समजला.

मागच्या महिन्यात आमच्याकडे एका मुलीचा फोटो स्थळांसाठी पाठवायचा होता. मोबाइलवर तिचा रंग दोन छटा उजळवला गेला. मुलगी शेजारीच बसली होती. कुणी तिला विचारलं नाही, तीही काही बोलली नाही. त्यामुळे क्रिस्टल भांडत होती तेव्हा मी तिला परकी म्हणून पाहिलंच नाही.

भांडून झाल्यावर तिने काय केलं, ते मला जास्त मोलाचं वाटतं. सत्तरीच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीत तिने आणि लॉटी नावाच्या मैत्रिणीने काळ्या ड्रॅग क्वीन्ससाठी स्वतःचा बॉल, म्हणजे नटून मिरवण्याच्या स्पर्धांचा जलसा, भरवला आणि ‘हाऊस ऑफ लबेजा’ उभं केलं. स्पर्धा आमची, परीक्षक आमचे. (१९७२ मध्ये आपल्याकडे दलित पँथर उभी राहिली, तीही अमेरिकेतल्या ‘ब्लॅक पँथर’ या काळ्यांच्या संघटनेकडे बघून. या दोन गोष्टींचा थेट संबंध नाही, तरी तो काळ मनात शेजारी शेजारी येऊन बसतो.)

एका हाऊसमागून दुसरी हाऊस निघाली. हाऊस म्हणजे नुसता स्पर्धेचा संघ नव्हे. घरातून हाकलून दिलेली काळी आणि लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाची) पोरं तिथे यायची. त्यांची एक ‘मदर’ असायची. ती त्यांना जेवू घालायची, रागवायची, चालायला शिकवायची, आणि पोरं तिचं आडनाव लावायची. बॉल सुरू व्हायचे पहाटे तीन-चारला, कारण तेव्हा हॉल स्वस्तात मिळायचा, रात्रपाळी करणाऱ्यांना येता यायचं, आणि संपेपर्यंत उजाडलेलं असल्याने सजलेल्या अवस्थेत ट्रेनने घरी जाणं जरा कमी धोक्याचं व्हायचं. इतका सगळा हिशोब एका रात्रीच्या नटण्यासाठी!

तिथल्या स्पर्धांच्या प्रकारांत ‘रिअलनेस’वर, म्हणजे हुबेहूब खऱ्यासारखं दिसण्यावर, माझं मन अडकलं आहे. त्यातला एक प्रकार एक्झिक्युटिव्हचा. सूट घालायचा, हातात ब्रीफकेस घ्यायची आणि बड्या कंपनीतल्या साहेबासारखं चालून दाखवायचं. ज्याला वर्ण आणि गरिबीमुळे त्या कंपनीच्या दारातही कुणी उभं केलं नसतं, तो तिथे दाखवून द्यायचा की साहेब होणं म्हणजे अर्धं कपडे आणि चाल आहे, आणि ती मला येते. बाई म्हणून खपून जाण्याच्या रिअलनेसमध्ये तर जिवाचाच प्रश्न. रस्त्यावरून जाताना कुणाला संशय येता कामा नये. आला तर मार, किंवा त्याहून वाईट. परीक्षक जे गुण द्यायचे ते त्या जगण्याच्या कसबाला. याला नक्कल म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

हे सगळं क्रिस्टलपासून सुरू झालं असंही नाही. हार्लेममधल्या हॅमिल्टन लॉज या काळ्यांच्या मंडळाचे बॉल १८६९ पासूनचे, विसाव्या शतकात ते पाहायला हजारोंची गर्दी लोटायची. आणि वॉशिंग्टनमध्ये १८८० च्या दशकात विल्यम डॉर्सी स्वॉन. गुलामीत जन्मलेला हा माणूस ड्रॅग बॉल भरवायचा आणि त्याला त्याचे लोक ‘क्वीन’ म्हणायचे. १८८८ मध्ये पोलिसांनी धाड घालून त्याला पकडलं. १८९६ मध्ये त्याला शिक्षा झाली, तेव्हा त्याने थेट राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांच्याकडे माफीचा अर्ज केला. तो फेटाळला गेला. पण गुलामीतून सुटलेला एक काळा माणूस आपल्या समारंभासाठी राष्ट्राध्यक्षांच्या दारापर्यंत जातो, ही हिंमत मला कुठल्याही मुकुटाहून मोठी वाटते.

पुढे एड्स आला आणि या हाऊसमधली किती माणसं घेऊन गेला. नव्वदीच्या आसपास न्यूयॉर्कमधल्या जीएमएचसी या एड्सवर काम करणाऱ्या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी बॉलमध्येच स्वतःचं ‘हाऊस ऑफ लेटेक्स’ काढलं आणि निरोध, तपासणी, उपचार यांची माहिती त्या मंडळींच्याच रीतीने पोचवली. बाहेरून येऊन उपदेश करण्यापेक्षा हे शहाणपणाचं होतं. त्याच सुमारास व्होगिंग हा त्यांचा नाच जगभर गाजला, पैसा झाला, तो बहुतेक इतरांचा. तो नाच घडवणाऱ्यांपैकी विली निंजा २००६ मध्ये एड्सशी संबंधित आजाराने गेला, पंचेचाळिशीत.

‘हाऊस ऑफ लबेजा’ अजून आहे. क्रिस्टलनंतर पेपर लबेजाने कितीतरी वर्षं मदर म्हणून ते सांभाळलं, २००३ मध्ये ती गेली, आणि आज जी पोरं ते आडनाव लावतात त्यांच्यातल्या बहुतेकांचा जन्मही टाउन हॉलमधल्या त्या रात्रीनंतरचा आहे.