कागदावरची अनाथ

नेपाळातल्या ललितपूरजवळच्या आमच्या घरात सध्या 14 मुली आहेत. 2015च्या भूकंपानंतर ताडपत्र्या घेऊन आम्ही ठाण्याच्या चौघीजणी तिकडे गेलो, घर सांभाळणाऱ्या दिदींशी सूर जुळले आणि अडकलो ते अडकलोच. मुली दिदी बघतात. पैसे, हिशेब, कागदपत्रं हे लचांड नौपाड्यात माझ्या जेवणाच्या टेबलावर.

त्या दिवशी थोरलीचं काम होतं. तिला सोळा पूर्ण झाली होती. नेपाळात या वयात नागरिकता प्रमाणपत्र काढतात. ते नसेल तर पासपोर्ट नाही, सरकारी नोकरीचं तर नावच नको. आईबापांचा पत्ता नसलेल्या मुलांनाही तिथलं संविधान नागरिकत्व देतं. पण संविधानापासून कचेरीच्या खिडकीपर्यंत किती चपला झिजतात, ते आपल्याला कोणी सांगायला नको.

फायलीत एकच कागद, गाविसचं सिफारिसपत्र. गाविस म्हणजे तेव्हाची ग्रामपंचायत. साल 2069, विक्रम संवत, आपल्यापुढे 56-57 वर्षं. बाप मृत, आई बेपत्ता. लिपी आपलीच, त्यामुळे वाचता येतं, आणि वाचता आलं की कळलं असं वाटतं. शिक्का मात्र पुसट. म्हणून कागद घेऊन खाली वॉचमनदाईंकडे गेले. दाई म्हणजे नेपाळीत थोरला भाऊ. (सोसायटीत त्यांना सगळे 'बहादूर' म्हणतात. आधीच्या वॉचमनलाही तेच म्हणायचे.)

दाईंचं बोट आजोबांच्या नावावर थांबलं. "मॅडम, ये तो हमारे गाव का है. इसकी बहू कोलशेत में है."

मला आधी पटेचना. पण दाई पश्चिम नेपाळातल्या अछामचे. तिकडचा एक माणूस ठाण्यात लागला की मागोमाग निम्मं गाव येतं, हे मीच लोकांना सांगत असते.

दिदींना फोन केला. ठरलं की थोरलीला विचारल्याशिवाय तिचा फोटोसुद्धा दाखवायचा नाही.

बाई संध्याकाळी आल्या, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली स्वतःची नागरिकता घेऊन. नवरा वारल्यावर त्यांनी दुसरं लग्न केलं, सासऱ्यांनी पोरीला ठेवून घेतलं. पुढे काठमांडूत शिकवतो म्हणून कोणीतरी तिला घेऊन गेलं. सासऱ्यांनी त्याला पैसेही मोजले होते म्हणे. बेपत्ता वगैरे कोणी नव्हतं. सुनेचं नाव घ्यायचं नव्हतं, एवढंच. आणि आम्ही इतकी वर्षं पावत्यांवर 'अनाथ मुलींसाठी' छापत होतो. भूकंपानंतर मुलं अशी हलवण्यावर नेपाळ सरकारने बंदी आणली, तेव्हा मी 'बरं झालं' म्हटलं होतं. आपल्या फायली उघडून बघाव्यात, हे काही सुचलं नाही.

बाई रडल्या नाहीत. चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला.

तेवढ्यात दिदींचा फोन. थोरलीला सांगून झालं होतं. मी आत जाऊन घेतला. बराच वेळ पलीकडून नुसता श्वास. मग थोरली म्हणाली, कागदाची झेरॉक्स पाठवा. बोलायचं ते परीक्षा झाल्यावर.

बाहेर आले. बाई उभ्याच होत्या.

"काय म्हणाली?"

"परीक्षा आहे तिची."

"कितवीची?"

"दहावीची," मी म्हटलं.