मामांचा खिळा

शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे पपईची झाडं होती, हे नव्या इमारतीत शिकलेल्यांना सांगून खरं वाटणार नाही. टाकीची गळती हेच त्यांचं ठिबक. एक झाड फळांनी लगडलेलं असायचं. शेजारची दोन मात्र लांब दांड्यांवर फुलांचे झुबके सोडून मोकळी. शिपाईमामांना ते बघवेना. "नर हाय. खिळा ठोकला की मादी होतंय," म्हणत त्यांनी एकाच्या खोडात हा भलामोठा खिळा ठोकला. आणि जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला त्या झाडाला खरंच लोंबत्या दांड्यांवर बारक्या पपया धरल्या! मामांचा भाव एकदम वधारला.

बाईंनी मामांना खोटं पाडलं नाही. त्यांनी आम्हाला फक्त दुसऱ्या नराकडे नेलं. त्यालाही पपया धरल्या होत्या, बिनखिळ्याच्या. मामा म्हणाले, "शेजाऱ्याला ठोकलेलं बघून भ्यालं आसंल."

मग बाईंनी ब्लेडने फुलं उभी चिरून दाखवली. नराच्या फुलात दहा पुंकेसर आणि मधोमध सुईसारखं खुरटलेलं अंडाशय. मादीच्या फुलात पुंकेसरांचा मागमूसही नाही. म्हणजे नरात मादीपण नाहीसं झालेलं नाही, वाढताना अडवलेलं आहे. हवामान बदललं की काही झाडांत ती अडवणूक सैल पडते.

त्याच आठवड्यात गुणसूत्रांचा धडा आला. मुलगा की मुलगी हे बापाकडून एक्स येतो की वाय यावर ठरतं, हे वाक्य बाईंनी मुद्दाम दोनदा, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं म्हटलं. कशासाठी, ते आमच्यापैकी बऱ्याच जणांना घरच्या अनुभवावरून ठाऊक होतं.

पुढे मी वनस्पतिशास्त्र घेतलं, आणि आता रोपवाटिका चालवतो. पपईच्या अठरा गुणसूत्रांत एक जोडी लिंगाची. मादी एक्स-एक्स, नर एक्स-वाय. उभयलिंगी झाडात वायचाच थोडा वेगळा प्रकार असतो. दोन्हीकडून वाय आला तर तो गर्भ जगतच नाही. म्हणून उभयलिंगी झाडाचं स्वपरागण केलं, तर सरासरी दोन उभयलिंगींमागे एक मादी मिळते. नुसती उभयलिंगी रोपं देणारं बी निघत नाही. गिऱ्हाइकाला हे पटवता पटवता माझा घसा बसतो.

माणसाचा वाय एक्सपेक्षा कितीतरी लहान. तोंडलीच्या नर वेलात उलट, वाय हेच सगळ्यात मोठं गुणसूत्र. (बाजारातली तोंडली अर्थात मादी वेलाची, शेतकरी त्याच वेलाचे तुकडे लावत जातो.) युरोपातल्या सायलीन लॅटिफोलिया या रानफुलाचा वायही एक्सपेक्षा मोठा. त्याची लिंगगुणसूत्रं १९२३ मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली ओळखली गेली. या झाडाला ज्वारीवरच्या काणी रोगासारखा रोग करणारी एक बुरशी लागते. ती मादी झाडाच्या फुलातही पुंकेसर उगवायला लावते आणि त्यांत परागाऐवजी स्वतःचे काळपट बीजाणू भरते. म्हणजे पुंकेसर घडवायची सामग्री मादीकडेही असतेच. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बाईंना फोन करावासा वाटला होता.

प्राण्याचं लिंग सहसा गर्भातच ठरतं आणि विषय संपतो. झाड आयुष्यभर नवी नवी फुलं घडवतं, आणि प्रत्येक कळीत काय वाढवायचं नि काय थोपवायचं हा कारभार नव्याने चालतो. त्यात हवामान हात घालतं. सोलापुरात पारा चाळिशीपार गेला की उभयलिंगी पपईच्या कळ्यांत अंडाशय खुरटतं, फुलं नराची निघतात आणि फळधारणा थांबते. शेतकरी येतो तो भांडायलाच: "तुम्ही नर रोपं दिली!" मी त्याला पाणी देतो, आच्छादन करायला सांगतो आणि ऊन उतरेपर्यंत झाडं तोडू नका म्हणतो.

शाळेच्या नव्या बागेसाठी रोपं पाठवत आहे. मुद्दाम नर-मादी वेगळी असणाऱ्या जातीची. पानाच्या तुकड्यावरून लिंग सांगणारी डीएनए चाचणी आता आहे, पण मी ती करून घेतलेली नाही. एकेका खड्ड्यात तीन-तीन लावा. फुलं आली की दहावीच्या पोरांकडून ती चिरून घ्या, मगच जादाची रोपं काढा. दहा माद्यांमागे एक नर ठेवायला मात्र विसरू नका.